आठशेतून कोकण, डिकीत जुनं सामान

दसऱ्याला आमच्याकडे पाटावर पाने मांडतात. १०, १२ आणि १४ नंबरचे रिंगपाने, प्लगपाना, पक्कड, फीलर गेज आणि मूठ तुटलेला पण न टाकलेला एक स्क्रूड्रायव्हर. सगळ्यांना हळदकुंकू, वर आपट्याचं पान. मग खाली जाऊन गाडीच्या जाळीला झेंडूची माळ.

गाडी म्हणजे १९९७ सालची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळायचं जुन्या धाटणीचं यंत्र असलेली. वहीतल्या हिशेबाने तिचे २ लाख ९४ हजार किलोमीटर झालेत. स्पीडोमीटरची केबल दोनदा तुटली होती, तेव्हाचं धावणं वहीत नाही. म्हणजे तीन लाख केव्हाच उलटले असणार, पण वही म्हणते ते खरं. ही गाडी देशात १९८३च्या डिसेंबरात आली आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. पार्ट मात्र अजून तालुक्याच्या गावातही मिळतात, आणि माझ्यासारख्या रविवारच्या मेकॅनिकचं सगळं धाडस त्याच्याच जोरावर. माझं पोट आकडेमोडीवर चालतं. गाडीखाली झोपतो तो हौसेने.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन, मग फेरीबोटीने रत्नागिरी आणि आंबा घाटाने कोल्हापूरमार्गे परत. सोबत भाचा. तो डिप्लोमा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याने कार्बोरेटर फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिलेला. लांबचा पल्ला म्हणून मी आदल्या पंधरवड्यात बरंच काही बदलून घेतलं होतं : डिस्ट्रिब्युटरची कॅप (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डबीचं झाकण), मागचे ब्रेक लायनर (चाकाच्या ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारं अस्तर), रेडिएटरचा फॅन स्विच (पाणी तापलं की पंखा चालू करणारा), पेट्रोल फिल्टर आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप. जुन्यांपैकी एकही बंद पडलेला नव्हता. "खबरदारी म्हणून" हे दोन शब्द त्या पंधरवड्यात मी किती वेळा उच्चारले ते बायको सांगेल.

काढलेला जुना फॅन स्विच भंगाराच्या डब्यात गेला. जुनी कॅप भाच्याने वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाकली. म्हणाला, "कॉलेजात दाखवायला नेतो."

पहिला दिवस : पुणे – ताम्हिणी – माणगाव – चिपळूण

पहाटे साडेपाचला चोक ओढून स्टार्टर मारला.

"मामा, हे काय ओढलंस?"

थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोकने हवा कमी करून मिश्रण दाट करायचं, आणि इंजिन तापलं की चोक आत ढकलायचा, नाहीतर प्लग काळे होतात. हे सांगेपर्यंत आम्ही चांदणी चौकाच्या पुढे गेलो होतो आणि चोक ओढलेलाच होता.

मुळशीच्या पाण्यावर धुकं होतं. पुढे ताम्हिणीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोनकी फुललेली, धबधबे आता पेन्सिलीच्या रेघेएवढे. सात वाजता एका टपरीवर थांबलो. टपरीवाल्या मावशींनी झेंडूची माळ बघून विचारलं, "नवी घेतलीत?" त्यांच्या तोंडावर चेष्टेचा मागमूस नव्हता, म्हणून मीही गंभीरपणे म्हणालो, "हो, नवीच."

विळ्याकडच्या उतारावर मात्र मागून घासल्यासारखा आवाज आला. ब्रेक दाबला की खर्र, सोडला की बंद. चालता चालता हँडब्रेक हळूच एक दात ओढून पाहिला, तोच आवाज. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो, तेव्हा दोष मागचाच. नवे लायनर बसताहेत, शंभरेक किलोमीटरमध्ये सूत जुळेल, असं मी भाच्याला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. आठशेला ताम्हिणीत बहुतेक ठिकाणी दुसरा पुरतो. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणारे भेटतात, त्यांचे ब्रेक तापून पेडल खाली जायला लागलं की मग तेही गिअर शोधतात.

माणगावात अडकलो. सणाची गर्दी, त्यात एक ट्रेलर आडवा. अकराचं ऊन, ऑक्टोबरचं, आणि गाडी इंच इंच पुढे. दहा मिनिटांत तापमानाचा काटा मध्य ओलांडून वर निघाला. बॉनेटखालून पंख्याची घरघर यायला हवी होती, ती येत नव्हती. मी हीटर पूर्ण उघडला आणि ब्लोअर शेवटच्या आकड्यावर ठेवला. आमच्या गाडीचा एसी केव्हाच मेला आहे, हीटर मात्र ठणठणीत. हीटर म्हणजे डॅशबोर्डखालचा छोटा रेडिएटरच, तो इंजिनची उष्णता आपल्या अंगावर ओततो. काटा थांबला. आमचं मात्र पिठलं झालं. शेजारच्या गाडीतली लहान मुलगी काच खाली करून आमच्याकडे बघत राहिली.

जागा मिळताच कडेला घेतलं. इथे घाई करून रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते उसळून चेहऱ्यावर येतं. अर्धा तास बसून राहणं हाच त्यावरचा उपाय, आणि तो कुणालाच जमत नाही. या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं आहे, फार तापलं की वाकतं, मग हेड गॅसकेट आणि पुढचं सगळं रामायण. आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून आदल्या दिवशीच्या उरलेल्या पुऱ्या श्रीखंडाशिवाय खाल्ल्या.

गार झाल्यावर तपासलं. फॅनला बॅटरीतून थेट वायर दिली, तर भुर्रकन फिरला. म्हणजे मोटर चांगली. स्विच वगळून वायरी जोडल्या, तरी फिरला. म्हणजे गेला होता तो स्विच, आठ दिवसांपूर्वी बसवलेला, कोरा.

"जुना कुठाय?" भाच्याने विचारलं.

जुना पुण्यात, भंगाराच्या डब्यात.

फॅन डायरेक्ट करून निघालो. महाड, पोलादपूर, मग कशेडीचा बोगदा. पूर्वी या घाटात ट्रकमागे पाऊण तास जायचा, आता भाच्याचं मोबाइलमधलं गाणं संपायच्या आत पलीकडे. परशुराम घाटातून खाली वाशिष्ठीचं पात्र दिसलं तेव्हा चार वाजले होते.

चिपळूणमध्ये लॉजवाल्याने एका मिस्त्रींकडे धाडलं. सत्तरीचे, बनियन आणि लुंगी, चष्म्याच्या एका काडीला तांब्याची तार. त्यांनी फॅन ऐकला, वायरिंग पाहिलं आणि म्हणाले, "डायरेक्ट चालेल, पण रात्री लाइट, वायपर आणि हा असं सगळं ओढत बसू नका. मध्ये बटण टाकून देतो." घरात दिव्याला असतं तसलं बटण त्यांनी स्टिअरिंगखाली बसवलं, मध्ये फ्यूजही टाकला. काटा मध्यावर आला की चालू, खाली गेला की बंद. ही नोकरी पुढचे चार दिवस भाच्याकडे होती.

काम चालू असताना भिंतीवर एक निळी रेघ दिसली, माझ्या डोक्याच्या वीतभर वर. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "बावीस जुलै." २०२१चा पूर. त्या रात्री गॅरेजमध्ये अकरा गाड्या होत्या, सगळ्या पाण्याखाली गेल्या. "त्यातल्या आठ परत चालू झाल्या. तीन मेल्या. कशानं मेल्या माहितीय? पाणी उतरल्यावर मालक आले आणि किल्ली फिरवली." सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो तेव्हा कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेल्या गाडीला किल्ली लावायची नाही. बॅटरी सोडायची, प्लग काढायचे, हाताने क्रँक फिरवून पाणी बाहेर उडवायचं, सगळी ऑइलं ओतून द्यायची. हे मी वाचलेलं होतं. पण ते सांगताना मिस्त्री हाताने जो क्रँक फिरवून दाखवत होते, तो त्यांनी त्या आठवड्यात आठ वेळा फिरवला होता.

दुसरा दिवस : चिपळूण – गुहागर

चिपळूण ते गुहागर पंचेचाळीसेक किलोमीटर. सगळा रस्ता वळणांचा, दुतर्फा कापणीला आलेलं भात. हवेत ओल्या पेंढ्याचा वास आणि आमच्या गाडीत थोडा पेट्रोलचा.

तो वास मी गंभीरपणे घेतो. बॉनेट उघडून नव्या रबरी पाइपाची एक क्लिप अर्धा आटा आवळली, वास गेला. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही. पाइप फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. कार्बोरेटरची जुनी गाडी असेल तर इथेनॉल सोसणारे पाइप टाकून घ्या आणि दर महिन्याला बोटाने चाचपून पाहा. इथेनॉल टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळही सोडवतं, तेव्हा फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलावा. हे सगळं ज्ञान मला होतं, एवढं इथे नोंदवून ठेवतो. चौथ्या दिवशी उपयोगी पडेल.

व्याडेश्वराचं दर्शन शांतपणे झालं. उतरलो होतो एका काकूंकडे. नारळी-पोफळीची वाडी, मागे चालत गेलं की समुद्र. दुपारी केळफुलाची भाजी, कुळथाचं पिठलं, भात आणि सोलकढी. भाच्याने सोलकढीचे पाच पेले घेतले आणि काकूंनी सहावा न विचारता ओतला.

संध्याकाळी वेळणेश्वरला गेलो आणि परतताना परतीच्या पावसाने गाठलं. आधी क्षितिजावर विजा, मग दहा मिनिटांत समोरचं दिसेना. एका खड्ड्यातलं पाणी बॉनेटखाली उसळलं आणि गाडी लंगडायला लागली. तीन सिलिंडरच्या इंजिनातला एक गेला की तिसरा हिस्सा ताकद जाते आणि अख्खी गाडी बैलगाडीसारखी हलते. पहिल्या गिअरमध्ये कसेबसे काकूंच्या अंगणात पोचलो. वीजही गेलेली.

डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली, आत दव साचल्यासारखं पाणी. फडक्याने पुसलं, पण प्लगच्या वायरींची टोकंही ओली होती. काकू कंदील घेऊन मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "आत आणा ते. चूल अजून गरम आहे." वैलापासून हातभर लांब, पोह्यांच्या डब्याशेजारी, आमची कॅप आणि वायरी रात्रभर वाळत पडल्या. वायरी काढण्याआधी भाच्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटायची पाळी, १-३-२ आहे, वायर उलटी लागली तर इंजिन खोकतं, कधी कार्बोरेटरमधून फटाका वाजवतं. मी क्रम पाठ आहे म्हणून फोटो काढत नाही आणि दरवेळी एकदा तरी चुकतो.

तिसरा दिवस : हेदवी – फेरीबोट – मालगुंड – रत्नागिरी

सकाळी सगळं खडखडीत वाळलेलं. लावलं, गाडी चालू झाली आणि तशीच लंगडत राहिली.

इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून, रबरी मुठीच्या पकडीने, काढून पाहायच्या. जी काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. आमचा दुसरा. प्लग बदलला, फरक नाही. वायर बदलली, नाही. मग कॅप उन्हात तिरकी धरून पाहिली, तर आतून दोन नंबरच्या टोकापासून शेजारच्या टोकापर्यंत केसाएवढी काळी रेघ. कॅपला तडा होता, ओलाव्याने त्यातून ठिणगी फुटली आणि जाताना कार्बनची वाट आखून गेली. हजारो व्होल्टना अशी वाट मिळाली की प्लगपर्यंत जायचे कष्ट ते कशाला घेतील? अशी रेघ चाकूने खरवडून त्यावर नेलपॉलिश लावलं तर काही दिवस काम भागतं. काकूंकडे नेलपॉलिश नव्हतं.

भाचा काही न बोलता डिकीकडे गेला आणि वर्तमानपत्राची पुडी घेऊन आला.

जुनी कॅप. आतल्या टोकांवर पांढरट पूड जमलेली. पॉलिश पेपरने घासली, बसवली. पहिल्या स्टार्टरला तिन्ही सिलिंडर बोलायला लागले. नवी कॅप भाच्याने त्याच वर्तमानपत्रात गुंडाळली आणि म्हणाला, "कॉलेजात आता ही दाखवतो."

काकूंनी निघताना घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी केळीच्या पानात बांधून दिली. "वाटेत गाडी थांबेलच, तेव्हा खा," म्हणाल्या. आशीर्वाद होता की अनुभव, कळलं नाही.

हेदवीला दशभुजा गणेशाचं दर्शन घेऊन बामणघळीवर गेलो. खडकातल्या अरुंद भेगेत लाट घुसते, आतच कोंडते आणि वर उडते. भरतीच्या सुमारास जावं, ओहोटीला नुसती भेग दिसते. आम्हाला निम्मी भरती मिळाली. भाचा म्हणाला, "मामा, सिंगल सिलिंडर आहे. टायमिंगपण बरोबर." अर्धा तास आम्ही दोघं त्या घळीचे स्ट्रोक मोजत बसलो.

तवसाळच्या जेटीवर फेरीबोट. शास्त्री नदीच्या मुखातून पलीकडे जयगड. पोचेस्तोवर पाणी उतरायला लागलं होतं, त्यामुळे बोटीची फळी उभी कललेली. लहान चाकांच्या गाड्यांनी अशा फळीवर तिरकं जावं, एकेक चाक चढवत. मला ते माहीत होतं. पण मागचा रिक्षावाला हॉर्न मारत होता आणि मी सरळ घातली. खालून 'खण्ण'. पलीकडे उतरताना दुसऱ्यांदा 'खण्ण', आणि त्यानंतर आमच्या आठशेचा आवाज बुलेटसारखा झाला. सायलेन्सर मधल्या जोडापाशी तुटून लोंबत होता.

भाच्याचा चेहरा उजळला. "मामा, हा जुनाच पार्ट होता ना?"

होता. चौदा वर्षांचा. त्याला फळीवर आपटलं मी, पण ते बाजूला.

सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि बायंडिंग वायर यांनी तो वर बांधला आणि तसेच डरकाळ्या फोडत मालगुंडात शिरलो. केशवसुतांचं गाव. स्मारकाबाहेर शाळेची सहल उभी होती, सगळी मुलं वळून बघायला लागली. गावाबाहेर एक वेल्डिंगवाला सापडला, खिडकीच्या ग्रिलचं काम करत होता. "सायलेन्सर? मी ग्रिलवाला," म्हणाला. मग वाकून बघितलं आणि रहावलं नाही बहुतेक. गज कापून पट्टी केली आणि जोडाभोवती झाळ मारली.

वेल्डिंगआधी दोन गोष्टी करून घ्याव्यात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवायची, नाहीतर वेल्डिंगच्या करंटने अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. आणि पेट्रोलची टाकी मागेच असते, तेव्हा ओलं गोणपाट मध्ये धरून एक माणूस पाण्याची बादली घेऊन उभा हवा. तो माणूस भाचा होता. त्याने घावन खात खात बादली धरली.

गणपतीपुळे, मग आरे-वारेचा रस्ता. या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं आहे ते सगळ्यांनी लिहिलंय. मी फक्त एवढं म्हणेन की सायलेन्सर शांत झाल्यावर उजव्या काचेतून पहिल्यांदा समुद्र ऐकू आला. रत्नागिरीत पोचून सुरमईचं ताट जेवलो आणि साडेनवाला झोपलो.

चौथा दिवस : रत्नागिरी – आंबा घाट – कोल्हापूर

सुमारे १३० किलोमीटर. साखरप्यापर्यंत गाडी छान. घाट लागला, दुसरा गिअर टाकला, तिसऱ्या वळणावर गाडीने दम सोडला. पेडल दाबावं तेवढी मंदावते, सोडलं की सावरते. एका रुंद वळणावर थांबवली, तर न्यूट्रलमध्ये घड्याळासारखी चालते.

मी सवयीने बॉनेट उघडून त्या कॅपकडे संशयाने पाहायला लागलो. भाचा फॅनचं बटण दाबून खाली उतरला.

"मामा, आयडलला ठीक आहे. ठिणगीचा लोचा असता तर झटके दिले असते. ही उपाशी मरतेय. लोडवर जास्त पेट्रोल लागतं ते मिळत नाहीये."

"मग?"

"फिल्टर."

पारदर्शक फिल्टर हातात घेतला तर तळाशी तपकिरी गाळ, आतला कागद चॉकलेटी. हाही नवाच होता, पंधरा दिवसांचा. त्याची स्वतःची चूक काही नव्हती. दुसऱ्या दिवशी नोंदवलेलं ज्ञान हे. टाकीतला गाळ सुटणार हे माहीत असून मी वाटेत एकदाही फिल्टरकडे पाहिलं नव्हतं. डब्यात दुसरा फिल्टर होता. इंजिन थोडं गार होऊ दिलं, पाइप चिमटून धरला, बदलला. फिल्टरवर बाण असतो, तो कार्बोरेटरच्या दिशेने हवा. भाच्याने बसवला, बाण मी तपासला. म्हणजे तपासू दिला त्याने.

त्या वीस मिनिटांत खालून ढग वर आला. आधी दरी गेली, मग समोरचं वळण, मग आमचं बॉनेट. दोन ट्रक पिवळे दिवे लुकलुकवत शेजारून रांगत गेले. एकाच्या क्लीनरने ओरडून विचारलं, "पाणी पाहिजे का?" आठशेचं बॉनेट उघडं दिसलं की घाटातला माणूस पाणीच विचारतो.

वर मलकापूरला ऊन आणि उसाची शेतं. कोल्हापुरात तांबडा-पांढरा. पांढऱ्याच्या तिसऱ्या वाटीनंतर भाच्याला चक्कर आल्यासारखं झालं, पण तो रस्सा नव्हे, चार दिवसांची झोप.

पाचवा दिवस : उद्यमनगर आणि घर

मागच्या ब्रेकची खर्रखर्र ताम्हिणीपासून तशीच होती. सूत जुळलेलं नव्हतं. आणि कोल्हापुरात येऊन शिवाजी उद्यमनगरात न जाणं माझ्यासारख्याला पाप आहे. लेथ, फाउंड्री, शेपिंग मशीन, गल्लीगल्लीतून लोखंडाच्या किसाचा आणि कटिंग ऑइलचा वास. एका दारात क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग, पुढच्या दारात कुणीतरी ट्रॅक्टरचा बुश तासतंय.

लॉजच्या आवारात दोन्ही ड्रम काढले आणि रिक्षात घालून नेले. टर्नरने एक ड्रम उचलला, आतून अंगठा फिरवला.

"पावणं, लायनर नवं टाकलंसा?"

"हो."

"आनि ड्रम हाय तसाच?"

"हो."

"मग वरडणारच की."

जुन्या ड्रमला आतून चर पडलेले होते आणि कडेला ओठासारखी धार आलेली. जुने लायनर त्या चरांबरोबरच झिजत गेले, त्यांचं एकमेकांशी जमलेलं होतं. मी सपाट नवे लायनर आत घातले, ते ओठावर टेकले आणि बाकीचा भाग अधांतरी. एवढे दिवस मी निम्म्या ब्रेकवर घाट उतरत होतो. लायनर बदलताना ड्रम बघणं हे पहिलं काम, आणि ते मी विसरलो होतो, कारण त्या दिवशी मला फॅन स्विच बसवायची घाई होती.

टर्नरने ड्रम चकमध्ये धरून डायल लावली, मग बारीक कट घेतला. किस निळा-करडा, भुरभुरत खाली. ड्रमला किती व्यासापर्यंत तासायचं याची मर्यादा असते, त्यापुढे तो फेकायचाच. आमचे दोन्ही आत बसले. "अजून एकदा बसतील," तो म्हणाला, "मग न्हाई." भाचा लेथपाशी असा उभा होता की मला त्याला चहाला दोनदा हाक मारावी लागली. शेवटी टर्नरनेच त्याला दुसऱ्या ड्रमचा शेवटचा कट घ्यायला हँडल दिलं.

ड्रम लावले, लायनरच्या कडा कानशीने मारल्या, हँडब्रेक आवळला. बाराला निघालो. महामार्गावर ताशी सत्तरच्या वर नेली नाही. साताऱ्याच्या अलीकडे जेवण, कात्रजला संध्याकाळचे दिवे. ब्रेक मारला की आता काहीच ऐकू येत नव्हतं. झेंडूची माळ वाळून दोऱ्याला पाचसहा फुलं उरली होती.

घरी

रात्री जेवण झाल्यावर मी भंगाराच्या डब्यातून जुना फॅन स्विच शोधून काढला. भाच्याने गॅसवर भांड्यात पाणी ठेवलं, स्विच तारेने टांगून बुडवला, दोन टोकांना मल्टिमीटर लावला. चाचणी अशीच करतात. थंड असताना स्विच तुटलेला, पाणी चांगलं कढत झालं की आतून जुळतो. पाण्याला तळाशी बुडबुडे आले, मग सळसळ, आणि मल्टिमीटर पिंग करून वाजला. गॅस बंद केला, पाणी निवत गेलं, तो थांबला. पुन्हा पेटवला, पुन्हा पिंग. तीनदा करून पाहिलं.

मग निकामी निघालेला नवा स्विच त्याच पाण्यात सोडला. पाणी खदखदायला लागलं तरी मल्टिमीटर गप्प.

बायको दारात उभी होती. म्हणाली, "ते माझं चहाचं भांडं आहे."

"धुऊन देतो."

"नको. ते आता तुमच्या डिकीतच ठेवा."